खनिज गेले, वसुली राहिली

२२ नोव्हेंबर २००७ रोजी गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणपट्ट्यांची मुदत संपली. दुसऱ्या दिवशी डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत ट्रक नेहमीसारखेच धावले, धक्क्यांवर बार्ज भरले आणि मांडवी-झुवारी नद्यांतून मुरगाव बंदराकडे गेले. खाण खात्याला मुदत माहीत होती, कारण ती कायद्यातच होती. खाणमालकांना माहीत होती, कारण नूतनीकरणाचे अर्ज त्यांनीच दिले होते. तरी हे सगळे बेकायदा होते, असे ठाम शब्दांत कुणी सांगायला २१ एप्रिल २०१४ उजाडावे लागले. गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी निकाल दिला आणि २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे या पट्ट्यांवरचे खाणकाम कायद्याबाहेरचे ठरवले. मधल्या काळात चीनमधल्या पोलाद कारखान्यांची मागणी फुगली होती, एरवी डंपवर, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगावर, टाकून दिला जाणारा हलक्या प्रतीचा मालही विकला जात होता आणि २०१०-११च्या सुमारास या चिमुकल्या राज्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज जहाजांवर चढत होते.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्या. एम. बी. शाह आयोगाने २०१२मध्ये, गोव्यातल्या खाणी बंद पडल्या त्याच वर्षी, नुकसानीचा आकडा सुमारे ३५ हजार कोटी रुपये काढला. तो कसा काढला यावर वाद आहेत, आणि काही आक्षेप बिनबुडाचे नाहीत. निम्मा धरा, चौथाई धरा. प्रश्न आकड्याचा नाही. तेव्हा काढलेल्या खनिजाची पूर्ण किंमत, ज्यांनी ते काढले त्यांच्याकडून, गोव्यात आजवर वसूल झालेली नाही.

पर्यावरण कायद्यांची चर्चा आपल्याकडे नवा कायदा हवा किंवा शिक्षा कडक हवी, या दोन मागण्यांभोवती फिरते. मला दोन्ही दुय्यम वाटतात. पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६चा, वन संवर्धन कायदा १९८०चा, पाणी कायदा १९७४चा. कायद्यांची रांग लांब आहे. रिकामी आहे ती वसुलीची खिडकी. बेकायदा काढलेल्या मालाची किंमत परत घेतली जात नाही तोवर बंदी, दंड, निकाल हे सारे खाण चालवण्याच्या खर्चातलेच एक कलम राहते. आणि हवामान बदलाविरुद्धच्या ज्या हक्काचा हल्ली गौरव होतो, त्याचीही हीच गत होईल.

गोव्याचे प्रकरण थोडे खोलात पाहायला हवे. पोर्तुगिजांनी दिलेली खाणींची कन्सेशन, म्हणजे खणण्याचे हक्क, जवळजवळ कायमची होती. संसदेने १९८७मध्ये कायदा करून ती रद्द केली आणि त्यांचे मानीव (कायद्याने तसे धरलेले) खाणपट्टे केले, तेही २० डिसेंबर १९६१ पासून मागच्या तारखेने. हे पट्टे १९८७मध्ये संपले आणि पहिल्या नूतनीकरणाने आणखी वीस वर्षे मिळाली. दुसरे नूतनीकरण हवे असेल तर ते खनिज विकासाच्या हिताचे का आहे, याची कारणे राज्य सरकारने लेखी नोंदवायची होती. इथे एक सोयीचा मार्ग सापडला. नूतनीकरणाचा अर्ज टाकून ठेवायचा, सरकारने तो दाबून ठेवायचा आणि उत्तर येईपर्यंत खणत राहायचे. नियमात मानीव मुदतवाढ आहे ना! ती सवलत फक्त पहिल्या नूतनीकरणापुरती होती, असे न्यायालयाने २०१४मध्ये सांगितले. सहा वर्षांहून अधिक काळ एवढी साधी गोष्ट सरकारच्या विधी खात्यातल्या कुणाच्या लक्षात आली नसेल, यावर ज्याला विश्वास ठेवायचा असेल त्याने ठेवावा.

त्याच निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली, अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांभोवती एक किलोमीटर खाणबंदी केली आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठीच्या कायम निधीत टाकायला सांगितली. चांगला निकाल होता. पुढे काय झाले? १२ जानेवारी २०१५ रोजी केंद्राने अध्यादेश काढला, की यापुढे खाणपट्टे लिलावानेच द्यायचे. त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत गोवा सरकारने ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण उरकले. पुष्कळसे शेवटच्या आठवड्यात, कित्येक अगदी अध्यादेशाच्याच दिवशी, आणि सगळे २००७ पासून मागच्या तारखेने. म्हणजे न्यायालयाने ज्या वर्षांना बेकायदा म्हटले, त्यांच्यावर पांघरूण. सरकारचे म्हणणे असे, की स्टॅम्प ड्युटी आधीच घेतली होती, त्यामुळे हात बांधले गेले होते. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्या. मदन लोकूर आणि न्या. दीपक गुप्ता यांच्या पीठाने ही ८८ नूतनीकरणे रद्द केली आणि १५ मार्चनंतर खाणी थांबल्या. त्या निकालातही न्यायालयाला राज्याला बजावावे लागले, की विशेष तपास पथक आणि सनदी लेखापालांच्या पथकाचे काम लवकर संपवा आणि वसुली करा. या काळात पणजीत काँग्रेसचे सरकार होते, मग भाजपचे आले. खाण खात्याच्या सवयीत फरक पडला नाही.

आता ओडिशाकडे पाहा. केओंझर, सुंदरगड, मयूरभंज जिल्ह्यांतही असेच झाले होते. पर्यावरणीय मंजुरी नसताना, किंवा मंजुरीत लिहिले त्याहून जास्त खनिज काढले गेले. याच दोन न्यायमूर्तींनी २ ऑगस्ट २०१७ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या प्रकरणात निकाल दिला. खाण आणि खनिज कायद्याच्या कलम २१(५)प्रमाणे अशा मालाची शंभर टक्के किंमत भरा, मुदत ३१ डिसेंबर २०१७, आणि पूर्ण रक्कम भरल्याशिवाय खाण पुन्हा सुरू होणार नाही. सतरा हजार कोटी रुपयांच्या वरची मागणी होती. भल्याभल्या कंपन्यांनी हजारो कोटी भरले. ओडिशाचे अधिकारी गोव्याच्या अधिकाऱ्यांपेक्षा धाडसी होते म्हणून हे घडले असे मला वाटत नाही. आधी पैसे, मग कुदळ, हा क्रम न्यायालयाने ठरवून दिला होता. कंपनीला खाण हवी होती आणि चावी वसुलीच्या हाती होती. एवढाच फरक. गोव्यात चावी कधीच त्या खिडकीत ठेवली गेली नाही. डिसेंबर २०२२पासून लिलाव सुरू झाले, पहिल्या ब्लॉक्सच्या, म्हणजे लिलावाला काढलेल्या खाणक्षेत्रांच्या, यशस्वी बोलीदारांत या धंद्यातली जुनीच नावे दिसली आणि २०२४मध्ये डिचोलीत खाणकाम परत सुरू झाले. २००७ ते २०१२च्या मालाची किंमत चुकती केल्याची पावती ही बोलीची अट असायला हरकत काय होती?

दंडाचा हिशेबही एकदा मांडून पाहू. २०२३च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण (संरक्षण) कायद्यातली पाच वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद काढून दंड आणला. उल्लंघनाला किमान दहा हजार, कमाल पंधरा लाख रुपये, आणि उल्लंघन चालूच राहिले तर दिवसाला आणखी दहा हजार. तुरुंग गेला म्हणून अनेक पर्यावरणवादी संतापले. मी फारसा संतापलो नाही. त्या कलमाखाली मोठा खाणमालक गजाआड गेल्याचे कुणाला आठवते? चालत नसलेली तरतूद गेली तर नुकसान थोडे. खरे नुकसान या रकमांमध्ये आहे. समजा, खनिजाचा भाव टनाला दोन हजार रुपये आहे आणि एका ट्रकमध्ये दहा टन मावतो. दिवसाचा दहा हजारांचा दंड म्हणजे अर्धा ट्रक. कमाल पंधरा लाखांचा दंड म्हणजे पंचाहत्तर ट्रक, जे एका बऱ्यापैकी खाणीतून दुपारच्या जेवणापर्यंत निघून जातात. हा दंड काढलेल्या मालाच्या किमतीशी कुठेही बांधलेला नाही. कलम २१(५) तसे बांधते, पण तिथे राज्याला फक्त अधिकार आहे, सक्ती नाही. अधिकार असून न वापरण्यात आपली राज्ये पारंगत आहेत.

यात दुसरी गोष्ट मिसळली ती मागाहून मंजुरीची. २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेचा गाभा ‘आधी परवानगी’ हा आहे. मार्च २०१७मध्ये केंद्राने परवानगी न घेता सुरू झालेल्या प्रकल्पांसाठी एक खिडकी उघडली, जुलै २०२१मध्ये कार्यपद्धती ठरवून ती कायमची केली. ‘वनशक्ती’ या संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी ही दोन्ही रद्द केली. सहा महिन्यांतच, १८ नोव्हेंबर २०२५ रोजी, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. असहमती न्या. भुयान यांची होती. बहुमताचा मुख्य मुद्दा असा, की सुमारे वीस हजार कोटींचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. बांधून झालेले रुग्णालय पाडून पर्यावरणाचे भले होते असे नाही. उलट राडारोडा वाढतो. पण म्हणूनच इमारत आणि खाण यांना एका मापाने मोजायला नको होते. इमारत पाडता येते, दंड घेऊन ठेवताही येते. खाणीत पाडण्यासारखे काही नसते. डोंगर गेलेला असतो, माल परदेशी बंदरात उतरलेला असतो. तिथे मागाहून दिलेली मंजुरी कशाला मंजुरी देते? झालेल्या विक्रीला. सर्वोच्च न्यायालयानेच २०१७च्या ओडिशा निकालात मागाहून मंजुरीची कल्पना पर्यावरण न्यायशास्त्राला परकी ठरवली होती. निदान खाणींपुरती ती रेघ राखता आली असती.

या सगळ्याला एक उत्तर नेहमी मिळते आणि ते ऐकून घेतले पाहिजे. खाण बंद झाली की खाणमालक उपाशी मरत नाही, मरतो तो खाण अवलंबित, म्हणजे खाणीवर पोट असलेला माणूस. कर्ज काढून घेतलेला ट्रक अंगणात गंजतो, बार्जवरचा खलाशी घरी बसतो, रस्त्याकडेची गॅरेज आणि खानावळी बंद पडतात. २०१२मध्ये खाणी बंद पडल्यावर डिचोली आणि सांग्यात हे झाले. शहरात बसून ‘खाणी बंद करा’ म्हणणाऱ्यांनी ते कधी नीट मोजले नाही, ही तक्रार खरी आहे. पण मग त्या ट्रकवाल्यांसाठीच्या मदतीच्या आणि कर्जफेडीच्या योजना कुणाच्या पैशातून आल्या? सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या. ज्यांनी त्या पाच वर्षांत माल विकला त्यांच्याकडून वसुली झाली असती तर खाणपट्ट्यातल्या प्रत्येक ट्रकमालकाचे कर्ज फिटून वर पैसे उरले असते. खाण अवलंबितांच्या नावाने जे मोर्चे निघाले ते वसुलीची मागणी करत खाणमालकांच्या कार्यालयांवर निघाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ते न्यायालयाविरुद्ध आणि याचिकाकर्त्यांविरुद्ध निघाले. रोजगाराची ढाल करून कुणी कुणाला पुढे उभे केले, हे त्यावरून कळते.

आणि अवलंबित काही फक्त ट्रकवालेच नव्हते. शिरगावात लईराईची जत्रा भरते. तिथे खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या आणि विहिरी आटल्या. पिसुर्ल्याच्या शेतांत खाणींतला गाळ उतरला. भातशेतीवर जगणाराही खाण अवलंबितच, उलट अर्थाने. नव्या लिलावातल्या ब्लॉक्समध्ये घरे, देवळे, शेती येते म्हणून ती वगळा, असे सांगण्यासाठी हीच माणसे जनसुनावण्यांना जातात.

आता हवामान. मार्च २०२४मध्ये एम. के. रणजितसिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये आहे, असे म्हटले. वर्तमानपत्रांनी ऐतिहासिक म्हणून मथळे दिले. प्रकरण होते वीजवाहिन्यांना धडकून मरणाऱ्या माळढोक पक्ष्याचे. सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरवरचे वीजवाहिन्यांवरचे आधीचे सरसकट निर्बंध न्यायालयाने त्याच निकालात सैल केले, कारण सौरऊर्जेला वाहिन्या हव्यात. त्यात तथ्य नाही असे नाही. पण हक्क जन्मला तो निर्बंध सैल करतानाच, हे नोंदवून ठेवलेले बरे. त्याआधी जानेवारी २०१९मध्ये एका शाळकरी मुलीची हवामानविषयक याचिका राष्ट्रीय हरित लवादाने निकाली काढली होती. पॅरिस कराराची बंधने पर्यावरणीय मंजुऱ्या देताना विचारात घेतली जात नाहीत असे मानायला कारण नाही, असे लवादाचे म्हणणे.

कारण शोधायला फार लांब जायला नको. गोव्याच्या हद्दीला लागून सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात कळणे आहे. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत तिथल्या लोहखनिज खाणीत साठलेले पाणी बांध फोडून गावात आणि बागायतीत शिरले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्येच दाखवून दिले होते, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. खाणीचा खड्डा किती पाणी पेलेल, डंपचा उतार किती हवा, गाळ अडवणारे बंधारे किती उंच हवेत, हे सगळे पावसाच्या आकड्यांवर ठरते. मंजुरीच्या फाइलीत आकडे मागच्या पावसाचे असतात आणि खाण पुढच्या पावसात उभी राहते. कोकणातले जांभ्याचे सडे, म्हणजे खडकाळ पठारे, हा पाऊस पिऊन उन्हाळाभर झऱ्यांतून सोडतात. सडा खणला की पावसाळ्यात पूर आणि मार्चमध्ये टँकर, दोन्ही एकदम येतात. यासाठी वेगळा हवामान कायदा लागत नाही. मंजुरीची अट म्हणून नवे पर्जन्यमान धरायला लावणे हे एका अधिसूचनेचे काम आहे.

कळण्यात त्या पावसाळ्यात जे झाले त्याला काही जण ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणतील. हवामान बदल ही खाणचालकांसाठी उत्तम पळवाट ठरू शकते, ही मला वाटणारी खरी भीती आहे. पाऊस वाढला, आम्ही काय करणार? भरपाई सरकारने द्यावी. म्हणजे हवामानाची किंमतही पुन्हा सरकारी तिजोरीतूनच. दुसरी पळवाट हिरव्या रंगाची आहे. सप्टेंबर २०२५मध्ये केंद्राने अणुखनिजे आणि महत्त्वाच्या, सामरिक खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. बॅटऱ्यांना आणि पवनचक्क्यांना ही खनिजे लागतात, हे खरे. पण गावकऱ्यांना विचारण्याने खनिज कमी निघत नाही. विहिरी कुठे आहेत, ओढा कुठून वाहतो एवढे मात्र कळते, जे सल्लागार कंपनीच्या अहवालात बऱ्याचदा सापडत नाही. लिलावाने दिलेला खाणपट्टा पन्नास वर्षांचा असतो. आज सही झालेला करार २०७० ओलांडून पुढे जाईल आणि भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी ठरवलेले वर्ष २०७० आहे. लोखंडापासून पोलाद करण्याच्या उद्योगाचा जगाच्या कार्बन उत्सर्जनात सात-आठ टक्के वाटा आहे. करारांवर सह्या करणाऱ्यांनी या दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्याचे दिसत नाही.

कुणी म्हणेल, दंड मोठा केला की झाले. महाराष्ट्राचा वाळूचा अनुभव तसे सांगत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली अवैध गौण खनिजाला बाजारभावाच्या पाचपट दंड करता येतो. भीमा-गोदावरीच्या काठावरून रात्री निघणाऱ्या डंपरांना त्याचा फारसा धाक नाही. तलाठ्यांच्या अंगावर वाहने घातल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. पकडला जातो तो चालक किंवा ज्याच्या शेताकडेला ढीग सापडला तो शेतकरी. वाळू विकत घेऊन इमारत उभारणाऱ्याकडे कुणी पावती मागत नाही. पाचपटीची तरतूद असून पट्टीच वसूल होत नसेल तर पन्नासपट करूनही काय मिळणार?

मात्र वसुली करता येत नाही, हे कुणी सांगू नये. चार ब्रास मुरूम विनापरवाना उचलला म्हणून तहसीलदार शेतकऱ्याला नोटीस काढतो आणि पैसे भरले नाहीत तर त्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढवतो. तो बोजा उतरेपर्यंत त्याला सोसायटीचे कर्ज मिळत नाही, जमीन विकता येत नाही. मोठ्या खनिजांसाठी हाच मार्ग खाण आणि खनिज कायद्याच्या कलम २५मध्ये लिहिलेला आहे: सरकारचे येणे जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करता येते, जप्तीसकट. गोव्याच्या खाण खात्याने ते कलम २००७ ते २०१२च्या खनिजाच्या पूर्ण किमतीसाठी एकदा वापरून दाखवावे, आणि जुने येणे चुकते होईपर्यंत त्या त्या कंपनीला नव्या ब्लॉकची बोली लावू देऊ नये. पुढच्या जनसुनावणीत कंपनीचे सादरीकरण सुरू होण्याआधी गावकऱ्यांनी ती पावती मागावी. नसेल तर सुनावणी पुढे नेऊ नये.